कानाची दुसरी शस्त्रक्रिया आणि विम्याचा प्रश्न

देगलूरसारख्या गांवीं कान फुटणें ही गोष्ट फारशी कोणी मनावर घेत नाहीं. मुलाचा कान वाहूं लागला म्हणजे आजी कोमट तेलाचे दोन थेंब घालते, कापसाचा बोळा बसविते आणि ‘मोठा झाला म्हणजे थांबेल’ असें म्हणून स्वस्थ होते. पुष्कळदां तो थांबतोही. परंतु कांहीं कान थांबत नाहींत. त्यांतील स्राव थोडा, पण दुर्गंधीचा असतो. ऐकूं कमी येऊं लागतें. आणि अखेर नांदेडच्या कर्णतज्ज्ञाकडे जाण्याची वेळ येते. तेथें शस्त्रक्रिया होते, कान कोरडा होतो, घरांतील मंडळी निर्धास्त होतात. आणि वर्ष संपत येतें न येतें तोंच डॉक्टर सांगतात कीं, कान आणखी एकदां उघडून पाहिला पाहिजे.

असें एक घर डोळ्यांपुढें आणावें. वडिलांचें पेठेंत लहानसें किराणा दुकान, मुलगी अकरावींत, घरांत आजी. मुलीच्या डाव्या कानाची शस्त्रक्रिया गेल्या वर्षीं सरकारी योजनेंतून झाली, म्हणून पैशाचा भार पडला नाहीं. त्या अनुभवानें सावध होऊन वडिलांनीं मागाहून एका खासगी कंपनीचें विमापत्र घेतलें. आतां दुसऱ्या शस्त्रक्रियेची गोष्ट निघतांच आजी विचारते, ‘कान ठणकत नाहीं, वाहत नाहीं, मग पोरीला पुन्हां कशाला टेबलावर निजवायचें?’ आई म्हणते, ‘डॉक्टरसाहेब उगाच सांगायचे नाहींत.’ आणि वडील मनाशीं हिशोब मांडतात: योजना एकदां मिळाली, ती दुसऱ्यांदां मिळेल काय? खासगी विमा हा खर्च देईल काय? आज देत नसल्यास तो देऊं लागेपर्यंत थांबलें तर काय बिघडेल?

हे सारे प्रश्न रास्त आहेत. मात्र त्यांचीं उत्तरें एका ठिकाणीं मिळत नाहींत. आजीच्या प्रश्नाचें उत्तर कानाच्या रचनेंत आहे, वडिलांच्या प्रश्नांचें विम्याच्या नियमांत. दोन्ही क्रमानें पाहिलीं म्हणजे निर्णय वाटतो तितका अवघड राहत नाहीं.

कानाच्या बाहेरील नळीच्या टोंकाशीं पडदा असतो. पडद्यापलीकडे हवेनें भरलेली एक चिमुकली पोकळी असून तिच्यांत हातोडी, ऐरण आणि रिकीब ह्यांच्या आकाराचीं तीन हाडें एकमेकांस जोडलेलीं असतात. पडद्याचें कंपन हीं हाडें आंतल्या कानाकडे पोंचवितात. रिकीब हें मानवी शरीरांतील सर्वांत लहान हाड. त्याची उंची सुमारें ३ मिलिमीटर. मागच्या बाजूस ही पोकळी कानामागच्या हाडाशीं जोडलेली आहे, आणि तें हाड मधाच्या पोळ्याप्रमाणें लहान लहान खणांचें बनलेलें असतें. पोकळीचें छत म्हणजे हाडाचा एक पातळ पापुद्रा. त्याच्या वर लगेच मेंदूचें आवरण. चेहऱ्याचे स्नायू हलविणारा मज्जातंतु ह्याच पोकळीच्या भिंतींतून जातो, आणि शरीराचा तोल संभाळणाऱ्या नलिका तिच्या शेजारींच आहेत. एवढ्याशा जागेंत असा नाजूक शेजार असल्यामुळें तेथील रोग आकारानें लहान असला तरी क्षुल्लक ठरत नाहीं.

कान फुटण्याचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यांत पडद्याच्या मधल्या भागास भोंक पडतें, सर्दी झाली कीं कान वाहतो आणि औषधानें कोरडा होतो. येथें पडद्यास ठिगळ लावलें म्हणजे बहुधा काम संपतें. दुसऱ्या प्रकारांत पडद्याचा वरचा किंवा मागचा भाग आंत ओढला जाऊन त्याची एक पिशवी बनते. तिचें अस्तर त्वचेचें असतें. त्वचेचा धर्म असा कीं, तिचा वरचा थर नित्य सुटत राहतो. अंगावरचा थर स्नानानें निघून जातो. पण कानांतल्या पिशवींतून त्याला बाहेर पडावयास वाट नसते. थरावर थर सांचतो, पिशवी फुगत जाते, आणि तिच्या दाबानें व तेथें निर्माण होणाऱ्या रसायनांनीं शेजारचें हाड झिजूं लागतें. ह्या विकारास कोलेस्टिॲटोमा म्हणतात. जोहान्नेस म्यूलर ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८३८ सालीं दिलेलें हें नांव दिशाभूल करणारें आहे. कारण कोलेस्टेरॉल हा ह्या विकाराचा गाभा नव्हे, आणि तो कर्करोगासारखा अर्बुदही नव्हे. तो केवळ भलत्या जागीं वाढलेली त्वचा आहे. परंतु ती काढली नाहीं तर हाडें झिजून बहिरेपण येतें, भोंवळ येते, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडूं शकते, आणि क्वचित् मेंदूच्या आवरणास सूज येते किंवा मेंदूंतच पू होतो.

वाहणारा कान ही कांहीं एका तालुक्याची व्यथा नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत जगांतील ६.५ कोटी ते ३३ कोटी लोकांचे कान वाहतात, आणि त्यांपैकीं सुमारें ६० टक्के लोकांचें ऐकणें बरेंच कमी झालेलें असतें, असा अंदाज दिला होता. त्यांतील बहुतेकांचा विकार पहिल्या, म्हणजे सौम्य प्रकारचा असतो. ह्या लेखांतील मुलीचा विकार दुसऱ्या प्रकारचा आहे असें समजून पुढें जाऊं. कारण ‘पुन्हां पाहण्याचा’ प्रश्न विशेषेंकरून तेथेंच उद्भवतो.

थेंबांनीं किंवा गोळ्यांनीं ही पिशवी विरघळत नाहीं. ती काढावीच लागते. कानामागचें हाड कोरण्याची शस्त्रक्रिया हर्मान श्वार्त्से ह्या जर्मन शल्यचिकित्सकानें १८७३ सालीं पद्धतशीरपणें मांडली. त्या काळीं उद्देश एवढाच कीं, रोग्याचा जीव वांचावा. १९२१ सालीं स्टॉकहोम येथें कार्ल ओलोफ नीलेन ह्यानें कानाच्या शस्त्रक्रियेंत सूक्ष्मदर्शक आणला, आणि १९५० नंतरच्या दशकांत जर्मनींत वुल्स्टाइन व त्सोल्नर ह्यांनीं पडदा आणि हाडांची सांखळी पुन्हां बांधण्याचें शास्त्र उभें केलें. तेव्हांपासून ह्या शस्त्रक्रियेस दोन उद्दिष्टें आलीं: एक, रोग समूळ काढणें, दुसरें, ऐकणें परत आणणें. दुसऱ्या शस्त्रक्रियेविषयीं घरोघर जो गोंधळ होतो, तो बहुतेक ह्या दोन उद्दिष्टांची सरमिसळ झाल्यामुळें होतो.

रोग काढण्याच्या रीतीही दोन आहेत. एका रीतींत कानाच्या बाह्य नळीची मागची हाडाची भिंत शाबूत ठेवून तिच्या मागून आणि पुढून पिशवी काढतात. कानाचा नैसर्गिक आकार राहतो, पुढें पाण्याची भीति कमी असते, आणि वेळ पडल्यास श्रवणयंत्रही नीट बसतें. पण भिंतीआड, कोनाकोपऱ्यांत, त्वचेचा एखादा कण मागें राहिला तर तो बाहेरून दिसत नाहीं. दुसऱ्या रीतींत ती भिंतच काढून टाकतात. मग सगळी पोकळी बाहेरून पाहतां येते आणि रोग उलटण्याचा धोका कमी होतो. परंतु कानांत एक मोठें विवर राहतें. तें वेळोवेळीं, बहुधा जन्मभर, डॉक्टरांकडून साफ करून घ्यावें लागतें आणि त्यांत पाणी जाऊं न देण्याची काळजी वाहावी लागते. कोणती रीत घ्यावयाची हें रोगाच्या पसाऱ्यावर ठरतें.

भिंत राखलेल्या कानांत ‘पुन्हां पाहणें’ हा मूळ शस्त्रक्रियेचाच उत्तरार्ध असतो. मागें राहिलेला कण इतका सूक्ष्म असूं शकतो कीं, तो डोळ्यांस दिसण्याजोगा होण्यास कांहीं महिने जावे लागतात. म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेनंतर ६ ते १८ महिन्यांच्या दरम्यान, पुष्कळदां वर्षाच्या आंतबाहेर, कान पुन्हां उघडून पाहण्याचा प्रघात आहे. त्या वेळीं सांपडलेला कण लहान, मोत्यासारखा पांढरा असतो आणि बहुधा सहज निघतो. तोच कांहीं वर्षें तसाच राहिला तर त्याची पुन्हां पिशवी होते आणि सारें पहिल्यापासून करावें लागतें. मुलांमध्यें हा विकार प्रौढांपेक्षां जोमानें वाढतो, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे.

आजीच्या प्रश्नाचें उत्तर येथें मिळतें. कोरडा कान म्हणजे निरोगी कान असें नाहीं. पडद्याआड वाढणारा कण आरंभीं दुखत नाहीं आणि वाहतही नाहीं. तो दुखूं किंवा वाहूं लागतो तेव्हां पुष्कळ हाड खाऊन झालेलें असतें. म्हणून ‘त्रास नाहीं’ हें न पाहण्याचें कारण होऊं शकत नाहीं.

आतां दुसरें काम. ह्या रोगानें बहुधा ऐरणीचें टोंक प्रथम झिजतें आणि हाडांची सांखळी तुटते. पडदा शाबूत असून सांखळी तुटली असेल तर ऐकण्यांत ६० डेसिबलपर्यंत तूट येऊं शकते. म्हणजे शेजारीं बसलेल्याचें नेहमींच्या आवाजांतलें बोलणेंही त्या कानास नीट लागत नाहीं. ही तूट भरून काढण्यासाठीं रोग्याचेंच हाड घडवून किंवा टायटॅनियमचा सूक्ष्म तुकडा बसवून सांखळी जोडतात. स्वच्छ, कोरड्या आणि सूज उतरलेल्या कानांत ही जोडणी चांगली बसते, म्हणून ती पुष्कळदां मुद्दाम दुसऱ्या वेळेसाठीं राखून ठेवतात.

निर्णयाची किल्ली ह्या दोन कामांच्या भेदांत आहे. रोग उरला आहे कीं नाहीं हें पाहणें, हें पहिलें काम. तें टाळण्यासारखें नाहीं. ऐकणें सुधारणें, हें दुसरें काम. तें गरजेप्रमाणें, सोयीप्रमाणें आणि पैशाप्रमाणें पुढें ढकलतां येतें, आणि त्यास श्रवणयंत्राचा पर्यायही आहे. तेव्हां डॉक्टर दुसरी शस्त्रक्रिया सुचवितात ती ह्यांपैकीं कोणत्या कामासाठीं, कीं दोहोंसाठीं, हें सरळ विचारावें. असें विचारण्यांत डॉक्टरांचा अवमान होत नाहीं. चांगला डॉक्टर ह्या प्रश्नाची वाटच पाहत असतो.

पहिल्या कामासाठीं दर वेळीं कान उघडलाच पाहिजे असेंही आतां राहिलें नाहीं. एम.आर.आय. तपासणीचा नॉन-ईपीआय डिफ्यूजन नांवाचा एक विशेष प्रकार आहे. त्यांत हा विकार ठळक, उजळ ठिपक्यासारखा दिसतो. मात्र साधारण ३ मिलिमीटरहून लहान कण त्यांतून सुटूं शकतो. म्हणून तपासणी एकदां निर्दोष आली तरी पुढील कांहीं वर्षें ती ठरावीक अंतरानें पुन्हां करावी लागते. नेहमींच्या पद्धतीची एम.आर.आय. करून हा प्रश्न सुटत नाहीं. चिठ्ठीवर प्रकाराचें नांव स्पष्ट लिहून घ्यावें आणि त्या केंद्रांत ती सोय आहे काय हें फोनवर विचारूनच देगलूरहून निघावें. नाहीं तर नांदेडपर्यंतची सुमारें ८० किलोमीटरांची फेरी फुकट जाते. शिवाय ही वाट शिस्तीनें परत येणाऱ्यांची आहे. पेरणी, लग्नसराई किंवा दुकानाची गर्दी ह्यांत पुढची तपासणी राहून जाण्याचा संभव असेल, तर एकदां कान उघडून पाहून घेणेंच अधिक सुरक्षित.

शस्त्रक्रियेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तींत भूल द्यावी लागते. कानांत आवाज येणें, कांहीं काळ भोंवळ, जिभेच्या एका बाजूची चव बदलणें असे त्रास होऊं शकतात. क्वचित् ऐकणें सुधारण्याऐवजीं कमी होतें, आणि त्याहून क्वचित् चेहऱ्याच्या मज्जातंतूस इजा पोंचते. हे धोके थोडे, पण शून्य नव्हेत. रोग्याचा दुसरा कान अधू असून हाच एक चालता कान असेल, तर केवळ ऐकणें सुधारण्यासाठीं त्यास हात लावण्यापूर्वीं दहादां विचार करावा.

आतां वडिलांचा हिशोब. ह्या बाबतींत नांदेड जिल्ह्याचें एक वैशिष्ट्य आहे. राज्य सरकारनें राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजीं ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू केली, त्यांत गडचिरोली, अमरावती, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर ह्यांच्याबरोबर नांदेड होता. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती सर्व राज्यांत लागू झाली, आणि २०१७ सालीं तिला महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना हें नांव मिळालें. आरंभीं कुटुंबामागें वर्षाला १.५ लाख रुपयांची मर्यादा होती. केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत योजनेशीं तिची सांगड २०२० सालीं घातली गेली. १ जुलै २०२४ पासून मर्यादा ५ लाख रुपये झाली आणि शिधापत्रिकेचा रंग न पाहतां राज्यांतील सर्व कुटुंबांना ती खुली झाली.

ह्या योजनेच्या तीन गोष्टी ध्यानांत घेतल्या म्हणजे वडिलांची अर्धी चिंता जाते. पहिली: मर्यादा वर्षाची आणि साऱ्या कुटुंबाची आहे. एकदां लाभ घेतला म्हणून हक्क संपत नाहीं. नव्या वर्षीं रक्कम पुन्हां पूर्ण होते. मात्र त्याच वर्षीं आजीच्या आजारपणांत कांहीं रक्कम गेली असेल, तर तेवढी मुलीच्या वांट्यास कमी येते. दुसरी: रोग जुना आहे ह्या कारणावरून ही योजना कोणास नाकारीत नाहीं, आणि तींत प्रतीक्षाकालही नाहीं. तिसरी, आणि व्यवहारांत सर्वांत महत्त्वाची: ही योजना रोग्यास रोख पैसे देत नाहीं, ती यादींतील ठरलेल्या उपचारांसाठीं, मान्यताप्राप्त रुग्णालयास, पूर्वमंजुरी घेतल्यावर पैसे देते. मर्यादा कितीही शिल्लक असो, उपचार यादींत नसेल तर त्याचा उपयोग नाहीं.

म्हणून ‘किती पैसे शिल्लक आहेत?’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा कीं, ‘डॉक्टरांनीं सुचविलेली शस्त्रक्रिया ह्या नांवानें यादींत आहे काय, आणि ह्या रुग्णालयास ती करण्याची मान्यता आहे काय?’ कांहीं उपचार केवळ सरकारी रुग्णालयांसाठीं राखून ठेविलेले असतात, तेंही विचारावें. टायटॅनियमच्या हाडाची किंमत ठरलेल्या रकमेंत धरली आहे कीं निराळी भरावी लागेल, हें लेखी विचारून घ्यावें. ही माहिती देण्यासाठीं मान्यताप्राप्त रुग्णालयांत आरोग्यमित्र बसलेले असतात; योजनेचा विनाशुल्क दूरध्वनि १५५३८८ हा आहे. शिधापत्रिका, आधारकार्ड आणि पहिल्या शस्त्रक्रियेचे कागद जवळ ठेवूनच बोलावें. नांदेडनजीक विष्णुपुरी येथें डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूर येथें विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. दुसऱ्या तज्ज्ञाचें मत घ्यावयाचें झाल्यास देगलूरच्या माणसास ह्या दोन्ही ठिकाणीं जातां येतें.

देगलूर हें सीमेवरचें गांव. १९५६ पर्यंत हा तालुका हैदराबाद राज्यांत होता, आणि निजामाबाद-हैदराबादकडे उपचारास जाण्याची येथील लोकांची वहिवाट जुनी आहे. परंतु राज्याची योजना सीमेपलीकडे चालेलच असें गृहीत धरूं नये. आयुष्मान भारत योजनेचें कार्ड दुसऱ्या राज्यांत चालण्याची तरतूद आहे. तरी ज्या रुग्णालयांत जावयाचें तें त्या योजनेच्या यादींत आहे काय, हें आधीं पाहिलें पाहिजे.

खासगी विमापत्राचा न्याय निराळा. तेथें अपघात सोडून इतर आजारांस बहुधा पहिले ३० दिवस संरक्षण नसतें. कांहीं ठरावीक विकारांस सामान्यतः २४ महिने थांबावें लागतें. आणि विमा घेण्यापूर्वींच जडलेल्या रोगास ३६ महिन्यांपर्यंत थांबविण्याचा कंपनीस अधिकार आहे. २०२४ पूर्वीं ही कमाल मर्यादा ४८ महिन्यांची होती. १ एप्रिल २०२० पासून निघालेल्या ‘आरोग्य संजीवनी’ ह्या सर्व कंपन्यांच्या एकसारख्या विमापत्रांत २४ महिन्यांच्या यादींत पडद्याची आणि कानामागच्या हाडाची शस्त्रक्रिया नांवानिशीं दिलेली आहे. एकाच विकारास दोन प्रतीक्षाकाल लागू होत असतील तर त्यांतील लांबचा धरतात. म्हणजे वडिलांनीं पहिल्या शस्त्रक्रियेनंतर घेतलेलें विमापत्र ह्या कानाच्या कामीं तीन वर्षांपर्यंत उपयोगी पडणार नाहीं, असें धरूनच चालावें.

येथें दोन मोह उत्पन्न होतात. एक मोह थांबण्याचा: ‘तीन वर्षें जाऊं द्या, मग कंपनी देईल.’ रोग मात्र कंपनीची मुदत पाहत नाहीं. वर्षाच्या सुमारास जो कण चिमट्यानें निघाला असता, त्याची तीन वर्षांत पुन्हां पिशवी झालेली असूं शकते. दुसरा मोह लपविण्याचा: प्रस्तावपत्रांत जुन्या कानाचा उल्लेखच न करण्याचा. हा अधिक घातक. पहिल्या शस्त्रक्रियेचे कागद रुग्णालयांत असतात, आणि कानामागची व्रणाची रेघ कोणाही डॉक्टरास दिसते. लपविल्याचें उघड झालें कीं कानाचा दावा तर जातोच, पण सगळें विमापत्र रद्द होऊन आजीच्या हृदयविकाराचें किंवा वडिलांच्या अपघाताचें संरक्षणही जाऊं शकतें. उल्लेख अनवधानानें राहिला असेल तर तो आज लेखी कळवावा. सतत ६० महिने विमा चालू राहिल्यावर, उघड लबाडी सिद्ध झाल्याखेरीज, कंपनीस जुन्या माहितीवरून हरकत घेतां येत नाहीं; पण तो नियम प्रामाणिक माणसाच्या संरक्षणासाठीं आहे, लपविणाऱ्याच्या सोयीसाठीं नव्हे.

म्हणून खासगी विमा निरुपयोगी ठरतो असें नाहीं. घरांतील इतर आजारांसाठीं तो हवाच, आणि कानासाठींही त्याचीं वर्षें मोजलीं जात असतात. हप्ता वेळेवर भरावा. वार्षिक हप्त्यास ३० दिवसांची सवलत मिळते. तीही चुकली तर प्रतीक्षेचीं सरलेलीं वर्षें वायां जातात. कंपनी बदलावयाची झाल्यास तीं वर्षें नव्या कंपनीकडे नेण्याची सोय २०११ पासून आहे. मागील वर्षीं दावा केला एवढ्या कारणावरून नूतनीकरण नाकारतां येत नाहीं. वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के करही २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे.

ज्यांचा विमा जुना असून प्रतीक्षाकाल संपलेला आहे, त्यांनीं आणखी कांहीं बारकावे पाहावे. शेवटच्या तपासणीनंतर ४५ दिवसांच्या आंत उलटलेला आजार पहिल्याच आजाराचा भाग धरतात. वर्षानें होणारी दुसरी शस्त्रक्रिया सामान्यतः नवा दावा ठरते. केवळ तपासणीसाठीं रुग्णालयांत राहिलें तर खर्च मिळत नाहीं; पण शस्त्रक्रिया झाल्यास तिच्या आधींच्या ३० आणि नंतरच्या ६० दिवसांतील संबंधित तपासण्या व औषधें पुष्कळ विमापत्रांत येतात. म्हणून एम.आर.आय.ची पावती जपून ठेवावी. श्रवणयंत्र बहुधा विम्यांत येत नाहीं. खोलीच्या भाड्याची मर्यादा आणि विमेदारानें स्वतः सोसावयाचा हिस्सा आधीं वाचावा; ‘आरोग्य संजीवनी’त तो ५ टक्के आहे. मोठा भाऊ नोकरीस असला तर त्याच्या कचेरीच्या सामूहिक विम्यांत बहीण बहुधा येत नाहीं, हेंही आधींच विचारून घेतलेलें बरें. दावा अन्यायानें नाकारला असें वाटल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी; ३० दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जातां येतें. त्याचें एक कार्यालय पुणें येथें आहे. तेथें फी नाहीं, वकील लागत नाहीं, मात्र एक वर्षाच्या आंत गेलें पाहिजे.

सारा हिशोब आतां जुळविता येतो. त्या मुलीच्या कानाची भिंत राखलेली असेल, तर पुन्हां पाहण्याचें काम वेळेवर, योजनेंतून किंवा एम.आर.आय.च्या मार्गानें उरकावें. त्यासाठीं खासगी विम्याची वाट पाहूं नये. त्याच वेळीं सांखळी जोडणें शक्य असून तें यादींत बसत असेल तर दोन्ही कामें एकदमच व्हावीं. एक भूल आणि एक प्रवास वांचतो. भिंत पूर्वींच काढलेली असून विवर स्वच्छ व कोरडें असेल, तर सुचविलेली दुसरी शस्त्रक्रिया बहुधा ऐकण्यासाठीं असते. ती सावकाश ठरवावी. तोंपर्यंत श्रवणयंत्र लावून पाहावें. मुंबईंत वांद्रे येथें १९८३ सालीं स्थापन झालेली अली यावर जंग ह्यांच्या नांवाची राष्ट्रीय संस्था ह्याच कामासाठीं आहे आणि तिचें प्रादेशिक केंद्र देगलूरला जवळ अशा सिकंदराबादेंत आहे.

पहिल्या शस्त्रक्रियेचें टिपण, रुग्णालयांतून सुटतांना मिळालेला कागद आणि ऐकण्याच्या तपासणीचे आलेख एका फाइलींत लावून ठेवावे. दुसऱ्या डॉक्टरास कानाच्या आंत काय केलें हें त्यांतूनच कळतें. वेळ निवडतांना शाळेची सोय अवश्य पाहावी. बारावीचें वर्ष सुरू होण्यापूर्वीं, उन्हाळ्याच्या सुट्टींत काम झालें तर अभ्यास बुडत नाहीं. डॉक्टरांच्या संमतीनें सोयीसाठीं दोन-तीन महिने मागें-पुढें झालें तर चालतें. विम्यासाठीं तीन वर्षें चालत नाहीं. मध्यंतरीं कानांत तेल घालूं नये, स्नानाच्या वेळीं व्हॅसलीन लावलेला कापूस बसवावा. आणि दुर्गंधीचा स्राव पुन्हां येऊं लागला तर तारखेची वाट न पाहतां डॉक्टरांस दाखवावें. भोंवळ आली, चेहरा वांकडा दिसूं लागला, किंवा तापाबरोबर डोकें असह्य दुखूं लागलें, तर सर्व हिशोब बाजूस ठेवून त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

एक माणूस ह्या साऱ्या बोलण्यांत बहुधा विसरला जातो, आणि तो म्हणजे मुलगी स्वतः. वर्गांत ती उजवा कान शिक्षकाकडे करून बसते. डाव्या बाजूनें मैत्रिणीनें मारलेली हांक तिला ऐकूं येत नाहीं, आणि लोक तिला आढ्यतेखोर समजतात. रोग पाहण्याचें काम वडीलधाऱ्यांनीं ठरवावें. पण ऐकण्यासाठीं पुन्हां टेबलावर निजावयाचें कीं यंत्र लावावयाचें, हें तिला विचारूनच ठरवावें. देगलूर हें कीर्तन-प्रवचनाच्या परंपरेनें महाराष्ट्रास ठाऊक झालेलें गांव आहे. धुंडामहाराज देगलूरकरांचें नांव वारकऱ्यांच्या घरोघर आहे. श्रवण ही भक्तीची पहिली पायरी मानणाऱ्या अशा गांवांत एका मुलीचा कान वेळेवर पाहिला जावा, आणि तो केवळ हिशोब न जमल्यामुळें राहून जाऊं नये, एवढी अपेक्षा फार नव्हे.